डोळेवाल्या गाडीतला एकांत

मुक्काम : जंगल, महानदीच्या पल्याड
२० जानेवारी

तीर्थरूप यशवंतमामा यांच्या पायाशी,

भाचा श्रेयसचा दंडवत पोचावा. (खराखुरा दंडवत गाडीत घालून पाहिला. डोकं स्टोव्हपाशी गेलं, पाय दाराबाहेर निघाले, आणि जवळून जाणाऱ्या एका बाईनं विचारलं, भैयाले झटका आला काय. म्हणून कागदावरचाच गोड मानून घ्या.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? का उजवा होता? जो असेल त्याले थंडीत जपा. प्रेमलामामीले सांगा की तिनं दिवाळीत दिलेला मफलर मी तिन्ही दिवस गळ्यातून काढला नाही, आंघोळीलाही नाही, कारण आंघोळच नव्हती. बाकी मी खुशाल आहे. म्हणजे दिसायले खुशाल आहे; खरंच आहे की नाही, हे आता तुम्ही ठरवायचं आहे.

फोन करायचा सोडून एवढं पत्र काहून, असं मामी विचारेल. तिले सांगा, मामांनीच बजावलं होतं. तुम्ही बत्तीस वर्षं कोर्टात बाबू होते, आणि दिवाळीत तुमच्याच घरी, चकलीचं ताट मधे ठेवून, तुम्ही म्हटलं होतं की फोनवरचं बोलणं मी पुराव्यात धरत नाही, जे काय असेल ते लेखी द्या. तर हे लेखी.

शर्त तुम्हाले आठवतच असेल, तरी पुन्हा लिहितो, कारण बाबा आता तिचे शब्द फिरवून राहिले. मी एक कॉलेज आणि तीन नोकऱ्या सोडल्या आहेत (चौथी नोकरी मी सोडली नाही, त्या दुकानानं मले सोडलं, ते यात धरू नये). बाबांचं म्हणणं, ह्या पोट्ट्याले एका जागी बूड टेकवता येत नाही. माझं म्हणणं, जागा चालती असली तर येते. मग ठरलं असं : ऐन थंडीत, माझ्या गाडीत, जंगलात, पाच रात्री एकट्यानं काढायच्या. घरचं माणूस यायचं नाही, घरचं अन्न तोंडात जायचं नाही. जमलं, तर गाडी माझी आणि वर्षभर घरात नोकरी हा शब्द कोणी काढायचा नाही. नाही जमलं, तर गाडी विकून उरला गावच्या लोखंडाच्या कारखान्यात, जिथं सुशीलकाका मॅनेजर आहेत, फाटकावर बसून आलेले-गेलेले ट्रक वहीत लिहायचे. जन्मभर. आणि पंच तुम्ही.

आता गाडीबद्दल. ती तुम्ही पाहिली नाही. एक संस्था होती, गावोगावी जाऊन लोकांचे डोळे तपासायची; ती बंद पडली आणि तिची व्हॅन माझ्या दोस्ताच्या, पुष्करच्या, गॅरेजमागं दोन वर्षं उभी होती. आम्ही दोघांनी तीत प्लायवूडची एक बर्थ ठोकली. थंडी आत येऊ नये म्हणून रायपूरच्या पंडरी बाजारातल्या कापडवाल्यांकडून कापडाच्या थानातले पुठ्ठे आणून भिंतींना लावले. गोल बाजारातून पितळी स्टोव्ह घेतला. फक्त बाहेरून रंग द्यायचा राहिला. म्हणजे दिला, पण संपला. त्यामुळे एका बाजूले, माणसाएवढा, पापण्यांसकट रंगवलेला एक डोळा तसाच राहिला. पुष्कर म्हणे, राहू दे, नजर नाही लागणार.

विदेशी लोकं असं एकटं राहतात ते मी मोबाईलवर खूप पाहिलंय. बाहेर बर्फ पडून राहिला असते, आत पिवळा दिवा, कुत्रा पायाशी, आणि तो माणूस कॉफी पिऊन खिडकीबाहेर असा पाहतो की जणू सगळं कर्ज फिटलं. मीही तसंच केलं. कॉफी केली, दिवा लावला, खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर भिलाईहून आलेली पिकनिक होती. कुत्रा मिळाला होता, पण त्यानं दोन्हीकडं पाहून विचार केला आणि पुलावाकडं गेला.

पण त्याआधी फाटक. सरकारी वनउद्यानात मुक्काम करायचा तर फॉर्म भरावा लागते. त्यात पहिला रकाना कुटुंबप्रमुखाचं नाव, दुसरा सोबतच्या स्त्रिया, तिसरा मुलं. एकट्या माणसाले रकानाच नाही. चौकीदार गंगाधर म्हणून एक भला माणूस आहे, त्यानं माझ्याकडं, मग फॉर्मकडं, मग पुन्हा माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "अकेल्ला? घर म झगरा होगे का, भैया?" मी म्हटलं, नाही बाप्पा, शांती पाहिजे. "हव," म्हणजे हो, म्हणाला, आणि त्या क्षणापासून त्यानं मले एकटं सोडलं नाही. थंडीत एकटा पोरगा जंगलात येतो, शांती पाहिजे म्हणतो, म्हणजे जिवाचं काही बरंवाईट करणार, असा त्याचा हिशेब. दर तासाले काचेवर टकटक. "भैया, हस ना?" म्हणजे, आहेस ना? आहे. तासाभरानं पुन्हा. मी आहे की नाही याची एवढी चौकशी घरी कधी झाली नव्हती.

थंडीचं काय सांगू. पुठ्ठ्यांनी वारा अडवला, पण माझा श्वासही आतच अडवला. तो छताले लागून थेंब व्हायचा आणि बरोबर नाकावर पडायचा. मी उशी इकडची तिकडं केली. थेंब पायावर पडायला लागला, आणि पायाले मफलर नव्हता. (यावरून आठवलं, मामी अजून एक विणणार असेल तर निळा नको.)

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र मंडळाची सहल आली. मामा, जंगल केवढं मोठं, पण मंजिरीकाकूंना बरोबर माझ्याच गाडीसमोर सतरंजी टाकावी वाटली. "अगं बाई, नरहर भाऊजींचा पोट्टा ना तू? काहून रे, घरून हाकललं काय?" मी शर्तीचं सांगितलं. त्यांनी ते सहलीतल्या अठ्ठावीस जणांना सांगितलं, आणि दुपारी चार वाजेपर्यंत घराकडच्या सगळ्या पाऱ्याले, म्हणजे मोहल्ल्याले, ठाऊक होतं की मी जंगलात दाढी वाढवून बसलो आहे. त्यांनी पोळीभाजी पुढं केली. मी खाल्ली नाही, मामा. घरची नव्हती तरी खाल्ली नाही. हे लेखी धरावं.

खरी भानगड तिसऱ्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या सकाळी. दार उघडतो तर समोर रांग. बाया, म्हातारे, एक जण तर खाटेवर. गाडीवर डोळा दिसला म्हणून आजूबाजूच्या तीन गावांतून लोकं आले होते; रांगेत पहिला गंगाधर. मी ओरडून सांगितलं, मी डॉक्टर नाही, ही गाडी बंद पडलेल्या दवाखान्याची आहे, मी इथं एकटा राहायला आलो आहे. सगळ्यांनी "हव, हव" म्हटलं आणि रांग तशीच उभी. शेवटी एका म्हातारीनं पदरातून सुई आणि दोरा काढला. तिले सुईचं नेढंच दिसत नव्हतं. मी ओवून दिला. दुसरं काय करणार? झालं, माझी डॉक्टरी सिद्ध झाली. त्या सकाळी मी सतरा सुया ओवल्या. एकांतात माणसाले स्वतःचा शोध लागतो म्हणतात. मले लागला तो असा की माझी नजर चांगली आहे.

आणि अठराव्या सुईले वर पाहिलं तर रांगेच्या बाजूले बाबा उभे.

स्वेटर, कानटोपी, काखेत पिशवी, बसमधून उतरून चार किलोमीटर चालत आलेले. ऑक्टोबरात रिटायर झाल्यापासून तुम्ही त्यांना फारसं पाहिलं नाही, मामा. छत्तीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात बसलेला माणूस घरी काय करेल? त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर टाकले. कुकरच्या शिट्ट्या वहीत लिहिल्या. कामवाल्या बाईची हजेरी घेतली, ती बाई काम सोडून गेली, मग आईची घेऊन राहिले. तर ते आले, आणि मले पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? "रांग वाकडी आहे."

दहा मिनिटांत त्यांनी चिठ्ठ्या फाडून नंबर वाटले. लहान मुलं वेगळी, म्हातारे पुढं, सुयावाले वेगळे. मी तोवर स्टोव्हवर चहा ठेवला. चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून डबा काढला, एक लाडू माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, तिळगूळ घे. आता मामा, तुम्हीच सांगा. संक्रांतीले बापानं तिळगूळ दिला तर माणूस काय करते? हात आपोआप पुढं जाते, तोंड आपोआप उघडते, मग वाकून नमस्कारही होते. मी नमस्कार करून वर आलो तर बाबा घड्याळात पाहून राहिले होते. "अकरा वाजून वीस मिनिटं. घरचं अन्न. हरलास."

मी म्हटलं, तुम्ही घरचं माणूस! तुम्ही आले तेव्हाच शर्त मोडली! ते म्हणे, मी घरचा म्हणून नाही, निरीक्षक म्हणून आलो. मी म्हटलं, निरीक्षकानं लाडू काहून आणला? ते म्हणे, लाडू तुझ्या आईनं दिला, मी फक्त वाहतूक केली. आमचं भांडण ऐकायले रांग जवळ आली. गंगाधरनं माझी बाजू घेतली, खाटेवरच्या म्हाताऱ्यानं बाबांची.

आता तुमच्यावर आहे. माझा लेखी अर्ज एवढाच, की शर्त बाबांनी मोडली असा निकाल द्यावा आणि लवकर द्यावा, कारण सुशीलकाकांचा रोज फोन येतो. मले ठाऊक आहे, तुमची अडचण आहे. साळ्यानं भाऊजीच्या विरुद्ध निकाल दिलेला आपल्या घरात कोणी ऐकला नाही. तुम्ही तर त्यांना अजून पाटावर बसवून आधी वाढता. आपण पंच निवडला तेव्हा हे कोणाच्या ध्यानात कसं आलं नाही? (बाबांच्या आलं असावं. तुमचं नाव त्यांनीच सुचवलं होतं.) पण तुम्ही कोर्टातले आहात. जावयाचा मान वेगळा आणि न्याय वेगळा. नोकरीनं मी मरून जाईन, मामा. मले एका जागी बसवू नका.

मामीले नमस्कार, तुमच्या ऋताले अभ्यास कर म्हणावं, माझ्यासारखं करू नको असंही म्हणावं, पण फार जोर देऊन नाही.

तुमचा आज्ञाधारक (या पत्रापुरता),
श्रेयस

ता. क. वर मुक्काम जंगल लिहिलं ते सवयीनं. हे पत्र मी घरून, बाबांच्या टेबलावर बसून लिहून राहिलो. निकाल लागेपर्यंत वादातली वस्तू तिऱ्हाईताच्या ताब्यात राहावी असं बाबा म्हणे, आणि तिऱ्हाईत म्हणून ते स्वतःच गाडीत राहिले. मले त्यांनी परतीच्या बसमधे बसवलं.

ता. क. दुसरा. तो निकाल लवकर द्या म्हटलं ते खोडा. देऊच नका, होळीपर्यंत तरी. झालं असं, की पहिल्या सुईवाल्या म्हातारीले बाबांनी आपला जुना चष्मा लावून दिला. तिनं सुपातले तांदूळ पाहिले, त्यातला एक खडा उचलला आणि नुसती हसत सुटली. बाबा तेव्हापासून तिथंच आहेत. चिठ्ठ्यांचं रजिस्टर झालं आहे, नंबर दोनशे चौदापर्यंत गेले, शनिवारी रायपूरहून एक खरा डोळ्यांचा डॉक्टर येऊन राहिला. काल आईनं व्हिडिओवर फोन लावला तर बाबा स्टोव्हवर स्वतः खिचडी करत होते, आणि थेंब नाकावर पडला तरी हसून राहिले. तुम्ही निकाल दिला, माझा द्या की त्यांचा, तरी त्यांना गाडीतून उतरावं लागेल. मी उरल्याच्या कारखान्यात सोमवारपासून जातो. तिथं ट्रक तरी हलतात.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठी. शनिवारी आईही तिकडं जाणार. आधी म्हणाली, डबा द्यायले; मग बर्थ दोघांना पुरते काय असं विचारलं; आता तिनं सामान बांधलं आहे. म्हणजे परवापासून घरी मी एकटा. तीन खोल्या, नंबर टाकलेले डबे, आणि काचेवर टकटक करून "हस ना?" विचारायले गंगाधरही नाही. मामा, तुम्ही या ना. निकाल इथंच बसून द्या, कितीही वेळ लागू द्या. गुडघ्याले तेल मी लावून देईन. जो दुखत असेल त्याले.