कुसळ

१२ नोव्हेंबर
चाकणला आले आणि पहिल्याच दिवशी नोकरी आवडली. काचेचे तीन मोठे घुमट आहेत: एकात वाळवंट, एकात सदाहरित जंगल, एकात खोटा बर्फ आणि टुंड्रातलं शेवाळ. शाळांच्या सहली येणार. जिथली हवा वेगळी तिथली झाडं, जनावरं वेगळी, हे मी मुलांना समजावायचं. मालक रविराजदादा इथल्याच जुन्या शेतकरी घरातले. त्यांनी आवारातच खोली दिली. आईला फोन केला, पर्यावरणाची पदवी एकदाची कामाला आली म्हणून.

१४ नोव्हेंबर
पिंपळे सौदागरची शाळा आली होती. संस्कृती नावाच्या मुलीने विचारलं, "मॅडम, आपला प्रदेश यात कुठाय?" मी म्हटलं, आपला माळरानाचा, गवताचा. पण तिन्ही घुमटांत दाखवायला तो नव्हताच. मुलं गेल्यावर दादा म्हणाले, "माळरान कसलं? घुमट बांधले ते रान पडीक होतं." संध्याकाळपर्यंत डोकं तापलेलं होतं.

१५ नोव्हेंबर
दादांची चुलती गोजाबाई फाटकाशी आली. दादांचं बोलणं मी तिला सांगितलं. "पडीक न्हाई, पोरी. आमची शेरडं चरायची हितं. चंडोलाची घरटी भुईवर हुती, अंडी हुती. रव्यानं त्याच्यावरनंच जेसीबी फिरवला. मी आडवी पडले, तर मला उचलून बाजूला ठिवली." मी आत जाऊन दादांना विचारलं. ते हसले. अंड्यांनी कुणाचं पोट भरतं, म्हणाले. थोबाडीत द्यावीशी वाटली.

१८ नोव्हेंबर
काँक्रीट फोडून तिन्ही घुमटांत कुसळी गवत आलंय. बर्फातसुद्धा. दादांनी मला तणनाशक मारायला लावलं. जंगलातली विकतची झाडं जळाली, गवत गुडघ्याला लागलं. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

२० नोव्हेंबर
दादांच्या मोज्यांतली कुसळं पायात शिरली. डॉक्टरांनी काढली. आज सकाळी पुन्हा तितकीच, आणि आता पोटरीत. तरी माणूस म्हणतो, अजून फवारा. मी पंप फेकून दिला. उद्या निघते.

२१ नोव्हेंबर, सकाळ
फाटक गवतात गाडलंय. उघडत नाही. दादा वाळवंटाच्या घुमटात पडलेत. हाक मारली तर तोंड उघडलं — जीभ दिसत नव्हती, नुसती कुसळं —
कुंपणापलीकडे गोजाबाई शेरडं चारतेय. त्याच गवतातून, अनवाणी. मी ओरडले, काकी, मी तुमच्या बाजूची. तिने मान वर केली नाही. "पगार कुणाचा खातीस?" एवढंच म्हणाली.

दुपार
टाचेत. आता तळहातात. संताप होतोय — जेसीबी मी नव्हता फिरवला, मी तर —
कोरडं राहायचं. ओल लागली की कुसळाचा पीळ फिरतो, ते आत आत जातं. म्हणून पाणी प्यायले नाही.
पापणीच्या आत एक आहे.
रडायचं नाही. कितीही राग आला तरी रडायचं ना