गुरुवारच्या कुर्ल्या

ठाणे, २९ नोव्हेंबर २०२५

ती. विमलाआत्येस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं होय-होय म्हणतेस, म्हणून लिहून पाठवते. शेवाळावर घसरून मोडलेला माझा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे, म्हणून तिथलं काम आता तुझ्यावर. किनाऱ्याच्या कातळावरच्या माझ्या दोन जागा तुला ठाऊक आहेत. देवळाकडच्या जागेतले ते बाहेरून आलेले परके खेकडे ओहोटीला वेचायचे आणि बर्फात घालून मारायचे. खाडीकडच्या जागेला मात्र हात लावायचा नाही. परके काढले की आपले परततात का, हे दोन्ही जागा ताडून बघायचं. वर्षभर मी हेच केलंय. तेरा तारखेला आमच्या मॅडम येतील. त्यांना पटलं नाही तर संशोधन बंद, आणि बाबांनी ठरवलेला बँकेच्या परीक्षेचा क्लास सुरू.

कालवण करू नकोस. माझ्यावर लोभ आहेच, थोडा नियमांवरही ठेव.

तुझी,
संस्कृती

पावस, ५ डिसेंबर

चि. संस्कृतीस,
अ. उ. आ.

काल पुनवेची मोठी ओहोटी. टोपभर कुर्ल्या वेचल्या. पण काल मार्गशीर्षातला गुरुवार. गुरुवारी मी मासळी विकायला बसत नाही, घरात अंडं येऊ देत नाही, मग घट मांडून उठल्यावर जीव कसे मारू? खाडीकडच्या कातळावर नेऊन सोडल्या. तिथे ऐसपैस आहे. देवळाकडे आता एकही नाही, मॅडम खूश होतील.

तू गेल्यापासून घर खायला उठतं बाय. मांजर तुझ्या खाटेवर बसून माझ्याकडे संशयाने बघतं.

पायाला जप, आत्येला विसरू नको.

विमलाआत्या

ठाणे, ९ डिसेंबर

ती. आत्येस,
सा. न.

पत्र वाचून बाबा हसले. मी नाही. ज्या जागेला हात लावायचा नव्हता, तिथेच तू टोपभर परके वसवलेस. आता दोन्ही जागा ताडून काही कळायचं नाही. वर्ष पाण्यात गेलं. मॅडमना सांगायचं धाडस होत नाही. तू मुद्दाम केलं नाहीस, तरी मला तुझा राग आलाय. रागात मोठ्यांना काय लिहावं, हे कोणी शिकवलेलं नाही.

तरीही तुझीच,
संस्कृती

पावस, १४ डिसेंबर

चि. संस्कृतीस,
अ. उ. आ.

काल मॅडम आल्या. चहाआधीच मी सगळं सांगून टाकलं. त्या उठून खाडीकडचा कातळ बघून आल्या. मग म्हणाल्या, खोटं दाखवण्यापेक्षा वर्ष गेलेलं बरं. संशोधन बंद नाही. नव्या जागा आखायच्या, आणि पाय बरा झाला की तू पुन्हा पहिल्यापासून वर्षभर इथे राहायचं. तुझ्या बापसाला कळवलंय, क्लासवाल्याला नको म्हणून सांग. तो आता हसत नाही.

तुझं एक वर्ष फुकट घालवलं, त्याची माफी मागते. आणखी एक वर्ष तू माझ्याकडे राहशील, त्याची मागणार नाही.

तुझी,
आत्या