घडीची सुरी

१९ सप्टेंबर, शुक्रवार
आणि चौथ्या घावाला पोलादी पट्ट्यांचा गठ्ठा उसवला. पट्ट्या पत्त्यांसारख्या फाकल्या. एक लालबुंद पट्टी उडून ऑस्टिनच्या स्कूटरवर पडली. सीटला भोक. ऑस्टिन आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणाला, अंकल, आपल्या जूचंद्र गावावर कोण चाल करून येतंय, हत्यारं कशाला बनवताय? मी सांगितलं, हत्यार नव्हे, स्वयंपाकघरातली सुरी. दोन जातींच्या पोलादाचे पदर एकावर एक जोडायचे. पात्यावर पाण्यासारख्या लाटा दिसतात. तो म्हणाला, स्टेशनबाहेर मिळते की.
हे अपयश नाही. आच कमी पडली, इतकंच.
आशा गासला माहेरी, भावाकडे गेली आहे. तिला बदल हवा होता. दसऱ्याला सुरी तिच्या हातात देणार. मग ती परत येईल. यात शंका घेण्यासारखं काही नाही.

२० सप्टेंबर
संकल्प: पहाटे उठणे, सातला भट्टी पेटवणे.
उठलो साडेनऊला. कोळसा ओला.

२१ सप्टेंबर, रविवार
आशाच्या भावाचा, नथूचा फोन. नालासोपाऱ्याच्या एका शीतगृहात हिशेबाला माणूस हवाय. शुक्रवारी अकराला मुलाखत. म्हणाला, भावजी, मी शब्द टाकलाय. आता पानी डोक्यावरनं चाललंय, जावा एकदा.
मी जूनमध्ये ऑफिस सोडलं. आशाला जुलैत सांगितलं. योग्य वेळेची वाट पाहत होतो. ते ती अजून धरून आहे.
मग ती फोनवर आली. म्हणाली, मला सुरी नको. तुम्ही शुक्रवारी तिथे जा, मी शनिवारी घरी येते.
दोन्ही करू. शुक्रवारपर्यंत सुरी, शुक्रवारी मुलाखत. एकावर समाधान का मानायचं?

२३ सप्टेंबर, मंगळवार
उत्तर सापडलं. घडीची पोळी. आशा घडी घालताना मध्ये तेल लावते, वर पीठ भुरभुरते, म्हणून पदर येतात. पोलादाचं वेगळं काय असणार? व्हिडिओवाले हे सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे पोळी नाही.
गठ्ठा तापवला, छिन्नीने अर्धा कापला, घडी घातली. मध्ये गोडं तेल. पदर जुळायला लागतो तो टाकणखार मिळाला नाही, म्हणून वरून कॅरमची पावडर. घाव घातला. मोठा भडका. पदर सुटले. सुंदर सुटले, खरं तर.
आशाला फोन करून सगळं सांगितलं. ती हसली. कितीतरी दिवसांनी. म्हणाली, अहो, तेल लावतात ते पदर सुटावेत म्हणूनच. हसता हसता फोन ठेवला.
पोळी वेगळी, पोलाद वेगळं, हे तिला समजावता आलं असतं. पण राग उतरतो आहे. सुरी पुरी व्हायच्या आधीच काम करू लागली.

२५ सप्टेंबर, गुरुवार
जमलं. या वेळी तेल वापरलं नाही. निर्णय माझाच. गठ्ठा एकजीव झाला, ठोकून पातं काढलं. पदर चौसष्ट असावेत. दिसतात पाच.
आता फक्त पाणी देणं उरलं, म्हणजे पातं तापवून तेलात बुडवायचं की ते कडक होतं. ते मुलाखतीनंतर. शर्टाला इस्त्री केली. बूट पुसले. चंद्रहास ही रावणाची तलवार होती. माझं नाव ठेवताना घरच्यांना काहीतरी दिसलं असणार.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
तयार होऊन खाली उतरलो. भट्टीजवळ थांबायचं नव्हतं. भात्याऐवजी लावलेल्या हेअर ड्रायरचा वारा नीट लागतो का, एवढंच बघायचं होतं. पातं असं तांबडं झालं की सोडून जाणं पाप वाटलं. तेलात बुडवलं. बारीकसा आवाज आला, बांगडी फुटल्यासारखा. पात्याला टोकापर्यंत चीर. बाही पेटली. मनगट भाजलं.
एक वाजला होता. शीतगृहात फोन लावला. बाई म्हणाल्या, जागा भरली. इतक्या घाईच्या ठिकाणी मी रमलो नसतो.
आशाचा फोन नाही. मी केला नाही. ती शनिवारी येणार म्हणाली होती. शनिवार उद्या आहे.

२७ सप्टेंबर
आली नाही. पाऊस होता.

२८ सप्टेंबर, रविवार
पाऊस असूनही तिसऱ्या मजल्याने धुराची तक्रार केली. ऑस्टिनने भट्टी बंद केली. म्हणाला, अंकल, नवरात्रात लोकांना वाटतं होम चाललाय, विचारतात प्रसाद कधी. मग म्हणाला, आंटीला घेऊन या ना. तुमच्या घरातून फोडणीचा वासच येत नाही.
त्याला आत चहाला बोलावलं नाही. साखर नव्हती.
नवा बेत. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा उरला आहे. बाल्कनीत ग्राइंडरने त्याचीच सुरी घडवायची. पदर नसतील. लाटा नेलपॉलिशने रंगवायच्या आणि पातं ॲसिडमध्ये बुडवायचं. झाकलेलं चमकतं, उघडं काळं पडतं. याला फसवणूक म्हणत नाहीत. तंत्र म्हणतात.
नेलपॉलिशसाठी आशाचं कपाट उघडलं. साड्या नाहीत. ब्लाउजचे खण नाहीत. वरच्या कप्प्यातली बॅग नाही. हँगर तेवढे आहेत.
कपाट हवेशीर झालं आहे.
नेलपॉलिश दुकानातून आणलं. पोरीने विचारलं, आंटी गोऱ्या आहेत की सावळ्या? मला पटकन सांगता आलं नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार
लाटा आल्या. जवळून पाहू नयेत.
मुठीला शिसवी लाकूड हवं होतं. लाटणं कापलं. तसंही पडून होतं.
उद्या गास. काय बोलायचं ते ठरवलं आहे. आधी सुरी द्यायची. मग बोलायची गरज पडणार नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. गास
खंडेनवमी. लक्षातच नव्हतं. नथूच्या ओटीवर कोयते, विळे, कुदळ, विळी, सगळं धुऊन, हळदकुंकू लावून मांडलेलं. आज या घरात काही चिरत नाहीत. मी कापून दाखवायला दुधी नेला होता. नथूची बायको जिजावहिनी म्हणाली, भावजी, आज हत्यारांना आराम. तुमची पन ठेवा रांगेत, आनि दुधी द्या इकडं.
सुरीला कुंकू लागलं. झेंडू वाहिला. माझ्या कामाची एवढी कदर आजवर झाली नव्हती. नथू वाकून बघत राहिला. म्हणाला, पातं बरं हाय. पन ही गांडुळं कशाला काढलीत?
आशाने सुरी पाहिली नाही. मनगट पाहिलं. आतून खोबरेल आणलं आणि लावून दिलं. लावता लावता सांगितलं. शुक्रवारी साडेअकराला शीतगृहातून नथूला फोन आला, तुमचा माणूस आला नाही. नथूची मान खाली जायला नको, म्हणून ती माफी मागायला गेली. त्यांनी विचारलं, बाई, तुम्हाला हिशेब येतो का? ती म्हणाली, येतो. ते म्हणाले, दसऱ्यापासून या.
मी म्हणालो, छान. जूचंद्रहून सकाळी रिक्षा मिळते. मी स्टॉपपर्यंत सोडत जाईन.
ती म्हणाली, गासहून जवळ पडतं.
मग तेलाच्या बाटलीचं झाकण लावून ती आत गेली.
तात्पुरतं असणार. विचारलं नाही. घरात पूजा होती.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
सकाळी आशाने डबा भरला. नथू तिला स्कूटरवरून कामावर सोडायला गेला. जिजावहिनीने चहा दिला. तो पिऊन मी जूचंद्रला परत आलो.