डाव्या हाताचा बाक

मी, कुंदाबाई शालिग्राम पाटील, वय ४४, धंदा शेती व शिवणकाम, राहणार मौजे पिंपळशेत, तालुका एरंडोल, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र भर दुपारी माझ्या ओट्यावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गाठ पोटात आहे, बुद्धी जागेवर आहे. सोमवारी धुळ्याला माझे ऑपरेशन ठरले आहे. मला एकाने भीती घातली आहे, ते पुढे येईलच. पण त्या भीतीपोटी मी हे लिहीत नाही.

१. माझी एकुलती मुलगी सुगंधा, वय सोळा, हीच माझी वारस. ती सज्ञान होईपर्यंत तिची पालक म्हणून मी माझी धाकटी बहीण द्रौपदाबाई, शिक्षिका, राहणार धुळे, हिला नेमते. माझे दीर लीलाधरभाऊ हे सख्खे काका असून त्यांना नेमत नाही. यात त्यांचा अपमान नाही, माझी धास्ती आहे. मी डोळे मिटताच ते सुगंधासाठी स्थळ पाहतील आणि तिची नेमबाजीची बंदूक विकतील. तसे ते चारचौघांत बोललेही आहेत : "पोरगीना हातमा बंदूक देखीसन कोण सून करी तिले?"

२. राहते घर सुगंधाचे. कपाशीचे शेत आजवर लीलाधरभाऊंनी राखले, त्यात कधी खोट केली नाही, हे मी लिहून ठेवते. ते त्यांनीच कसावे. फक्त विहिरीजवळचा तुकडा आणि त्यामागचा मातीचा बांध नांगरू नये. तिथे बाक उभा आहे.

३. या बाकाविषयी थोडे लिहावे लागेल, कारण भांडण त्याचेच आहे.

माझे यजमान फौजेतून हवालदार म्हणून परतले आणि पोरीला नेमबाजी शिकवायची म्हणून त्यांनी हा बाक केला. मोडक्या बैलगाडीचे बाभळीचे लाकूड, वर सागाची फळी. पाय तीनच, कारण आमच्या काळ्या जमिनीत चार पायांचे काहीही डुगडुगते. बसणाऱ्याच्या उजव्या अंगाला फळी मागे वाढवली होती, कोपर टेकायला. तिच्यावर त्यांनी छर्‍याची बंदूक ठेवली, आणि पोरीचे छर्रे महिनाभर बांधात जात राहिले. ते चिडत, ती रडे.

सुगंधा जन्माची डावरी. लहानपणी ती जेवायला बसली की ते तिचा डावा हात फडक्याने मांडीशी बांधत. डाव्या हाताने जेवलेले देवाला चालत नाही, म्हणत. सवय मोडली असे त्यांनी धरून चालले होते आणि त्याच भरवशावर बाक उजवा केला होता. एकदा ते बाजाराला गेलेले पाहून पोरीने बंदुकीचा दस्ता डाव्या खांद्याला लावला. बांधावर नेमासाठी मांडलेली डब्याची झाकणे टणाटण पडू लागली. ते परत येऊन मागे उभे आहेत, हे तिला कळलेच नाही. मला वाटले, आता हात उगारतील. ते घरात आले आणि करवत शोधू लागले.

मी विचारले, "काय करता?"

"तिना हात मी बांधा व्हता. आते बाकच बदलसू."

उजवीकडची फळी कापून त्यांनी डावीकडे नवी जोडली. त्याच वर्षी ते गेले. कापलेला तुकडा मी देव्हार्‍याखाली ठेवला आहे.

४. यंदाच्या होळीला गावच्या पोरांनी हा बाक उचलून नेला. होळीसाठी लाकूड चोरायची रीत आहे आणि होळीत पडलेले मागे घ्यायचे नाही, हीही रीत आहे. पण विहिरीची वाट पोरांना लीलाधरभाऊंनी दाखवली. मी पोचले तेव्हा होळी पेटली होती आणि बाकाच्या एका पायाने पेट घेतला होता. मी हात घातला. भाऊ आडवे आले.

"वहिनी, होळीनं लाकूड परत लेतस नही!"

"मनी पोरगीना बाक शे हाई. जाऊ देवाव नही!"

सगळा गाव बघत राहिला. एकटी माझी जाऊ मंदाबाई पुढे आली. होळीला धार घालायला आणलेला पाण्याचा तांब्या तिने नवर्‍यादेखत त्या पायावर रिकामा केला आणि मी बाक ओढून काढला. म्हणून माझी पितळी भांडी बठ्ठी, एकूण एक, मंदाबाईला द्यावीत. त्यानंतर घरात तिला काय ऐकावे लागले असेल, ते मी विचारलेले नाही.

तपासणीत माझ्या पोटात गाठ निघाली तेव्हा भाऊ दारात उभे राहून म्हणाले, "होळीना तोंडमाईन घास काढा तुम्ही. आते ती सोडाव नही." हीच ती भीती. रात्री ऐकलेले दुपारी खोटे वाटते. हे दुपारीही खरे वाटले, एवढे कबूल करते.

५. सुतारकामाची हत्यारे आणि बंदूक सुगंधाची. शिवणयंत्र द्रौपदाबाईने वापरावे.

६. सुगंधाची स्पर्धा मंगळवारी पुण्याला आहे. तिने रविवारी निघायचेच. ऑपरेशनमध्ये माझे बरेवाईट झाले तर तिला तार करू नये, परत बोलावू नये, सुतक धरायला लावू नये. अग्नी द्यायला लीलाधरभाऊ आहेत. तो मान मी त्यांचाच ठेवते.

७. अग्नी देताना देव्हार्‍याखालचा उजव्या फळीचा तुकडा माझ्या सरणावर ठेवावा. होळीचा घास मी काढला, तो तिला माझ्यासकट परत मिळेल. मग तिने आणि गावाने माझ्या मुलीकडे काही मागू नये. बाक डाव्या हाताचा आहे, तो डाव्या हातालाच राहील.

हे मृत्युपत्र मी लीलाधरभाऊंना वाचायला देणार आहे आणि साक्षीला त्यांचीच सही मागणार आहे. नंतर ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये.

ठिकाण : पिंपळशेत
दिनांक : १९ एप्रिल १९९१

सही : कुंदाबाई शालिग्राम पाटील

साक्षीदार :
१) नथ्थू भाईदास पाटील, शेजारी. सही.
२) लीलाधर पितांबर पाटील, दीर. वाचून सही केली. होळीतले लाकूड मागे घेतले ते बरोबर नव्हतेच, असे माझे अजून म्हणणे आहे. रविवारी पोरीला गाडीत मी बसवून देतो.