शेडचे दार फोडणाऱ्या ऊना ट्रेगेलस हिची निरवानिरव

लिहून ठेवणार ऊना मे ट्रेगेलस, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा आधी मेंढ्या, मग गहू, हल्ली तक्रार, राहणार बेलारा फ्लॅट, दक्षिण ऑस्ट्रेलिया. कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते की, माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. कोणी आणून पाहावा. बुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला सध्याचा पंतप्रधान कोण असे विचारले. मी म्हणाले, "सकाळचा सांगू की आत्ताचा?" त्यांनी पुढचे काही न विचारता सही केली.

कलम १. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. तसे ते रद्द करायची गरजही नाही. ते कपाटात होते, कपाट घरात होते, आणि घर जळाले.

कलम २. टेकडीवरची माझी जमीन व तिच्यावर सध्या उभे असलेले पत्र्याचे घर मी माझी मुलगी हीदर हिला देते. घर वाकडे आहे, हे तिला ठाऊक आहे. ते मर्व्ह शिर्मरने बांधले आहे. का बांधले ते पुढे येईल. जावईबापू ग्रेम यांना तिथे शहरातल्या पाहुण्यांसाठी "खेड्याचा अनुभव" उभारायचा आहे. त्यांनी खुशाल उभारावा. फक्त पाहुण्यांना उन्हाळ्यात बोलवावे आणि वाळवंटाकडून उत्तरेचा भाजणारा वारा सुटला की आग झोडपायला हातात एकेक ओले पोते द्यावे. अनुभव पुरता मिळेल.

कलम ३. या कलमात देण्यासारखे काही नाही, पण ते वाचल्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत, सबब कोणी गाळू नये.

आमच्या गावच्या अग्निशमन दलात पगारी माणूस एकही नाही. शेतकरी, खाटीक, शाळेच्या बसची ड्रायव्हर, असे सगळे हातातले काम टाकून पळत येणारे. माझा नवरा क्लॅरी बरीच वर्षे दलाचा कॅप्टन होता. तेव्हा पाण्याच्या टाकीची गाडी सभागृहाच्या बाजूच्या पडवीत उभी असे आणि किल्ली तिलाच लटकलेली असे. पुरुष आग विझवत आणि आम्ही बायका पुरुषांची भूक विझवत असू. कोणाला कोणते काम अवघड वाटे, हे कधी विचारले गेले नाही.

मग जिल्हा कचेरीच्या लक्षात आले की आमची पडवी आगीपासून सुरक्षित नाही. त्यांनी नवी शेड बांधली. भिंती न जळणाऱ्या, दार पोलादी, बटण दाबले की वर जाणारे. उद्घाटनाला मंत्री आले, पितळी पाटी लागली. क्लॅरीने कोऱ्या करकरीत शिरस्त्राणातल्या अधिकाऱ्याला विचारले, "साहेब, वीज गेली तर?"

"त्याचा विचार अहवालात केला आहे."

"काय विचार केलाय?"

"की शक्यता कमी आहे."

हाताने दार उघडायला साखळी होती. पण उगाच कोणी उघडू नये म्हणून साखळीला कुलूप होते, आणि किल्ली हरवू नये म्हणून ती जिल्हा कचेरीत होती. क्लॅरी हसून हसून खोकला. पुढच्या हिवाळ्यात तो गेला, खोकल्याने नव्हे, हृदयाने. मर्व्ह शिर्मर कॅप्टन झाला. उद्घाटनात सगळ्यांत जोरात टाळ्या त्यानेच वाजवल्या होत्या.

आणि मग तो दिवस आला. कापणीच्या यंत्राचे पाते दगडावर घासले, ठिणगी वाळक्या धसकटात पडली, आणि उत्तरेच्या वाऱ्याने पुढचे सगळे आपल्या हातात घेतले. पहिला बळी गेला विजेच्या खांबांचा. मी शेताच्या कडेने आगपट्टा नांगरत होते, धूर पाहून तशीच ट्रॅक्टर घेऊन गावात आले. बघते तर सगळे दल शेडसमोर उभे, गाडी आत, आणि मर्व्ह बटण दाबतोय.

"मर्व्ह, अरे वीज नाहीये!"

"मला कळतं गं! कचेरीला फोन लावलाय."

"मग काय म्हणतात?"

"थांबा म्हणतात. गाणं वाजतंय."

"बाजूला हो."

"ऊना, वेडी का काय? सरकारी मालमत्ता आहे ही!"

"म्हणूनच मला वाईट वाटत नाहीये. हो बाजूला!"

ट्रॅक्टरला पुढे माती उचलायचा लोडर आहे. पहिल्या धडकेत पाटी पडली, दुसरीत दार. बसची ड्रायव्हर टेस बाउडन वाकून आत शिरली आणि तिने गाडी बाहेर काढली. खिडकीतून तिने विचारले, "काकू, कुठे?"

प्रश्न बरोबर होता, पण विचारायला हवा होता कॅप्टनला. गाडी एक होती आणि वाऱ्याच्या वाटेत घरे दोन होती. टेकडीवर माझे, खालच्या खळग्यात मर्व्हचे. मर्व्हची बायको नोला पक्षाघाताने अंथरुणावर होती आणि रुग्णवाहिका आगीच्या पलीकडे अडकली होती. मी मर्व्हकडे पाहिले. कॅप्टनने आपलेच घर आधी वाचवले असे होऊ नये म्हणून त्याला तिचे नाव घेता येईना, आणि माझ्या घराचे नाव घ्यायला जीभ वळेना. फोन कानाला तसाच. गाणे चालू असावे.

"माझ्या घरात आहे कोण?" मी म्हणाले. "एक मांजर, आणि ती माझ्या आधी पळाली असेल. चल नोलाकडे." असे म्हणून मी टेसच्या शेजारी चढले. त्या दिवशी बायकांनी गाडीवर चढू नये असे कोणी म्हणाले नाही.

मी झोपायच्या खोलीच्या खिडकीतून पाण्याचा पाइप आत सोडला. नोलाचे अर्धेच तोंड चालत असे, पण तेवढ्याने तिने बजावले, "गालिचा भिजवू नकोस." मी तो चांगला भिजवला. भिंती तापल्या, बाहेरचे कोठार गेले, पण खोली राहिली आणि नोलाही राहिली. तेवढ्यात टेकडीकडचा धूर पांढऱ्याचा काळा झाला. गवत पांढरे जळते, घर काळे. टेसने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "पुढे बघ, पाणी सांडतंय." क्लॅरीचा एकही फोटो माझ्याकडे उरला नाही.

कलम ४. चौकशी झाली. निष्कर्ष असा निघाला की गाडी वेळेत बाहेर पडली, सबब दाराची रचना यशस्वी ठरली. मला बिगरपरवाना ट्रॅक्टर वापरल्याबद्दल ताकीद मिळाली. मर्व्हला कठीण प्रसंगी तत्काळ निर्णय घेतल्याबद्दल पदक मिळाले. ते त्याने घेतले. मंचावर उभे राहून "दार ऊनाने फोडलं" एवढे तीन शब्द त्याला बोलता आले नाहीत.

सबब जिल्हा कचेरीस मी मंत्र्यांच्या नावाची पितळी पाटी परत देते. आजवर ती कोंबड्यांच्या दाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून होती. तिचा एवढा उपयोग याआधी झाला नव्हता.

कलम ५. त्या हिवाळ्यात मर्व्ह खांब आणि पत्रे घेऊन टेकडीवर आला आणि काही न बोलता माझे घर बांधू लागला. रोज येई. मी चहा ठेवी, तो पिऊन पुन्हा शिडी चढे. एकदा मला राहवले नाही.

"पदक मिळालं म्हणे."

"हं."

"कशाबद्दल रे?"

तो बराच वेळ एकाच खिळ्यावर हातोडी मारत राहिला. "सोबत कागद दिलाय," तो म्हणाला. "मला तो वाचवत नाही."

मी त्याला माफ केलेले नाही, हे इथे स्पष्ट नमूद करते. पण नोला त्यानंतर बरीच वर्षे जगली आणि दर रविवारी मला भिजक्या गालिच्यावरून बोलली, हेही नमूद करते. माझा ट्रॅक्टर, वाकलेल्या लोडरसकट, मी मर्व्ह शिर्मरला देते. अट एकच. दलाच्या पुढच्या वार्षिक सभेत त्याने उठून उभे राहावे आणि कॅप्टनपदासाठी टेस बाउडनचे नाव सुचवावे, मोठ्याने, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे. त्याला तेही न जमल्यास ट्रॅक्टर टेसला द्यावा. दार कसे फोडायचे ते तिने पाहिले आहे.

कलम ६. पाठीवरचा हातपंप, क्लॅरीचा होता तो, टेसला. माझ्या तळ्याचे पाणी दलाला कायमचे. त्यावर हीदर, ग्रेम वा त्यांच्या पाहुण्यांना हरकत घेता येणार नाही. सँडविचचा पाट आणि सुरी दलातल्या पुरुषांना. मोहरी लावायला विसरू नये आणि ब्रेडच्या कडा कापू नयेत, लोक भुकेले असतात.

कलम ७. अंत्यविधीला भाषण नको. मर्व्हच्या मनात माझी शवपेटी दलाच्या गाडीवरून न्यायचे आहे असे कानावर आले आहे. सक्त मनाई. गाडी माझ्यात अडकली आणि तिकडे कोणाचे शेत पेटले तर? पेटी माणसांनी खांद्यावर न्यावी. वाटेत आगीचे बोलावणे आले, तर ती जिथे असेल तिथे, जमल्यास झाडाखाली, ठेवावी आणि सर्वांनी निघावे. पाद्रीबाबांनीही जावे, ते पंप बरा चालवतात. आग पुरती विझली याची खात्री केल्याशिवाय कोणी परत येऊ नये. मला घाई नसेल.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी हीदरने करावी. वर लिहिले ते मी स्वतः वाचून, दोनदा हसून, खाली सही केली आहे.

सही: ऊना मे ट्रेगेलस

साक्षीदाराला मिळकतीत वाटा नसावा असा कायदा आहे. म्हणून ज्यांना मी काहीच देणार नाही असे दोघे निवडले:

१. रेक्स हेबरले, गुत्तेवाला. सही.
२. आयव्हर पेनरोझ, पाद्री. सही. (पंपाबद्दलचा मजकूर वाचून खूश.)

ठिकाण: बेलारा फ्लॅट
दिनांक: २ नोव्हेंबर २०१७. वारा उत्तरेचा.