योगायोग नव्हता तो

प्रिय ताई,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, हे लिहितानाच ठाऊक आहे.

आज वर्गात एक जुनी इंग्रजी कादंबरी शिकवत होते. खेड्यातली मुलगी, तिला जीव लावणारा मेंढपाळ आणि तिच्यापर्यंत न पोचलेला त्याचा निरोप. मी फळ्यावर लिहिलं, 'योगायोग : लेखकाचं तंत्र'. आधी येणारं वादळ म्हणजे पुढच्या दुःखाची पूर्वसूचना, हेही सांगितलं.

मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, पण निरोप धाकट्या बहिणीकडे दिला होता ना? ती गप्प का बसली?"

"ते परीक्षेला येत नाही," मी म्हटलं. सगळे हसले.

ताई, तुझा सुतार न सांगता गेला नव्हता. तू आईला दवाखान्यात घेऊन गेली होतीस, तेव्हा तो दारात आला होता. म्हणाला, "तिला सांग, उद्या सकाळच्या गाडीपर्यंत स्टेशनवर थांबतो." वादळबिदळ काही नव्हतं, लख्ख ऊन होतं. तू गेलीस तर आईचं कोण करणार, माझं कॉलेज सुटणार, एवढंच मला दिसलं. मी अवाक्षर काढलं नाही. तू बारा वर्षं आईचं केलंस आणि मी प्राध्यापिका झाले.

गेल्या महिन्यात तो बाजारात भेटला. केस पिकलेत, एकटाच राहतो. तुझी तब्येत विचारली, मग चाचरत म्हणाला, "तेव्हा माझा निरोप दिला होतास ना तिला?"

मी "हो" म्हणाले, ताई.

तुझ्यासमोर मान वर न होणारी,
धाकटी