पहिला आकडा कुणी द्यायचा

३ जून, सकाळ
गुडघा कसा? बरा. कंबर? कुरकुरते, पण चालते. हिचा खोकला गेला. कॉम्प्युटर ठणठणीत. थोरली परगावी, तिची खुशाली पत्रातून कळेलच.
प्रोग्रॅमिंग शिकतोय, व्हिडिओ बघून. त्यात 'आळशी यादी' असते. मागितल्याशिवाय एकही आकडा काढत नाही. स्वभाव जुळला.

४ जून
एका ओळीत यादी लिहिली: प्रत्येक आकडा म्हणजे याच यादीतला मागचा आकडा अधिक एक. स्वतःच स्वतःला वाढवणार! थोरलीला ईमेल केला. ती याच कामात नोकरीला आहे. थक्क होईल.

५ जून
झाली नाही. लिहिते, "बाबा, पहिला आकडा तुम्ही हातानं द्या. नाहीतर यादी स्वतःचीच वाट बघत बसेल."
पोटच्या पोरीनं असं लिहावं? हातानंच द्यायचा तर कॉम्प्युटर कशाला घेतला? अगदी सौम्य उत्तर धाडलं. ही म्हणते, 'मला शिकवू नकोस' हे सौम्य नसतं.

६ जून, दुपार
यादीकडे पहिला आकडा मागितला. विचार करतेय.
संध्याकाळ
अजून करतेय. पंखा घरघरतोय. विचार खोल असणार.

७ जून
सगळं गोठलं. बंद करून चालू केलं, पुन्हा तेच. इतकं जीव लावून लिहिलं आणि ऐन वेळी दगा.
थोरलीचंही पत्र नाही. मी बाप आहे, आधी तिनं लिहावं. हिच्याकडून कळलं, तिकडे फोनवर तीही हेच म्हणते: आधी बाबांनी लिहावं. भाजी चिरता चिरता ही एवढंच म्हणाली, "द्या की मग पहिला आकडा हातानं."
दोघी सामील आहेत.

९ जून
यादीला हातानं शून्य दिलं, नुसतं बघायला म्हणून. आकडे धो धो आले. तत्त्व म्हणून मला मान्य नाही.
थोरलीलाही लिहून टाकलं. आमच्यातला शेवटचा ईमेल उघडला, रिप्लाय दाबला, पाठवला. आता कसं हलकं वाटतंय.

१० जून, सकाळ
पत्र आलं! शेवटी पोरगी मोठ्या मनाची. हिला हाक मारून मोठ्यानं वाचायला लागलो: तुझी पाठ कशी आहे? जावईबापूंची सर्दी? छोटीचा दात आला का? त्या दिवशी माझं जरा चुकलंच...
ही हसायला लागली तेव्हा थांबलो. आमच्यातला शेवटचा ईमेल माझाच होता. रिप्लाय मलाच आला.
खाली लिहिलंय: लवकर उत्तर लिही, वाट बघतोय. बाबा.